अमेरिकेतून अमेरिकेत येताना कस्टम्स का लागतं?

गेल्या फेब्रुवारीत न्यू जर्सीत बर्फ उपसून उपसून माझी कंबर गेली आणि बायको म्हणाली की आता एक आठवडा तरी कुठे ऊन असेल तिथे चल, नाहीतर मी एकटी जाते, म्हणून आम्ही सेंट थॉमसला गेलो. यूएस व्हर्जिन आयलंड्स, म्हणजे कॅरिबियनमधली अमेरिकेची बेटं, त्यातलं हे एक. जाताना काहीच झंझट नाही, एकदम डोमेस्टिक फ्लाइट. तिकडे चलन डॉलर, पोस्ट अमेरिकेचं, झेंडा अमेरिकेचा, फक्त गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. मजा म्हणजे गाड्या सगळ्या अमेरिकन, स्टीअरिंगही डावीकडेच, त्यामुळे टॅक्सीत पहिला दिवस जीव मुठीत धरून बसलो होतो.

परत येताना विमानतळावर बघतो तर कस्टम्सची रांग. अमेरिकेतून अमेरिकेत जायला कस्टम्स! बायकोने बाजारातल्या एका सिंधी दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करून कानातलं आणि एक चेन घेतली होती, बिल ११५० डॉलर. माझ्या डोक्यात परदेशातून येतानाची ८०० डॉलरची लिमिट पक्की बसलेली, त्यामुळे वरच्या ३५० वर किती ड्युटी बसणार याचा हिशोब मी रांगेत उभ्या उभ्या करत होतो. ऑफिसरने बिल बघितलं आणि म्हणाला, इथून येताना १६०० ची लिमिट आहे, जा. झालं, संपलं. पण मला प्रश्न पडला तो पडलाच, की ही जागा जर अमेरिकाच आहे तर लिमिट कशाला, आणि परदेश असेल तर मग दुप्पट सूट का?

दोन्ही थोडं थोडं खरं आहे, आणि तिथूनच सगळी गंमत सुरू होते.

देशाची राजकीय हद्द आणि देशाची कस्टम्सची हद्द या दोन वेगळ्या रेघा असतात. बहुतेक ठिकाणी त्या एकावर एक बसतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या कस्टम्सच्या हद्दीत ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको, एवढंच येतं. व्हर्जिन आयलंड्स, ग्वाम, अमेरिकन सामोआ, नॉर्दर्न मारियाना ही सगळी अमेरिकेच्या मालकीची, पण त्या रेघेच्या बाहेर. व्हर्जिन आयलंड्स स्वतः बहुतेक परदेशी मालावर ६ टक्के वेगळी ड्युटी लावतं. म्हणजे एका घरात राहायचं पण चूल वेगळी.

आपल्याकडच्या लोकांना हे कळायला खरं तर जड जाऊ नये, कारण आपण जकात बघितलीय. मुलुंडच्या नाक्यावर, दहिसरच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, भिवंडीतला माल मुंबईत यायला जकात भरायची, आणि हे सगळं एका देशात, एका राज्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुठे मुंबईची जकात गेली. फरक एवढाच की जकात शहर लावतं, आणि इथे देशाची कस्टम्सच आपल्याच बेटासमोर उभी आहे.

आता ही दोन रेघांची भानगड आली कुठून? संत्र्यांवरून. खरंच.

१८९८ साली अमेरिकेने स्पेनला हरवलं आणि पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स हे सगळं एकदम पदरात पडलं. व्हर्जिन आयलंड्स नंतरची, ती १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं देऊन विकत घेतली. तर पोर्तो रिको हातात आल्यावर वॉशिंग्टनमध्ये वाद, की आता तिथली साखर, तंबाखू, फळं बिनड्युटी आत येऊ द्यायची का? इकडच्या साखरवाल्यांनी आणि तंबाखूवाल्यांनी ओरड केली (साखरेची लॉबी जगात सगळीकडे सारखीच, आपल्याला नवीन नाही), आणि १९०० च्या फोरेकर कायद्यात एक तडजोड घातली की पोर्तो रिकोच्या मालावर परदेशी मालाच्या ड्युटीच्या १५ टक्के एवढी ड्युटी घ्यायची. म्हणजे परदेशी मालावर १०० रुपये तर यांच्यावर १५.

त्या वर्षी डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याच्या कंपनीने सान हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आणली. बंदरावरच्या कलेक्टरने, बिडवेल नाव त्याचं, ६५९ डॉलर ३५ सेंट ड्युटी लावली. डाउन्सने ती भरली आणि कोर्टात गेला, की पोर्तो रिको अमेरिकेचा भाग आहे आणि राज्यघटना म्हणते ड्युटी सगळ्या देशात सारखी पाहिजे, मग माझ्याकडून कसली घेता? नागपूरच्या संत्र्यांवर दिल्लीत इम्पोर्ट ड्युटी लावली तर आपणही हेच म्हणू. पण १९०१ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी डाउन्सच्या विरोधात निकाल दिला. त्यातले न्यायमूर्ती व्हाइट यांचं म्हणणं असं होतं की हे बेट जगाच्या दृष्टीने अमेरिकेचं, पण अमेरिकेच्या घरातल्या हिशोबात परकं. लग्न होऊन आलेल्या सुनेला बाहेर सगळे तुमचीच म्हणतात आणि घरात तिजोरीची किल्ली मिळत नाही, तशातला प्रकार. पोर्तो रिकोला पुढे लवकरच कस्टम्सच्या रेघेच्या आत घेतलं, पण घरातलं पण परकं ही कल्पना मात्र कायमची राहिली, आणि आजही त्या बेटांचं सगळं व्यापारी गणित तिच्यावर चालतं.

बरं, परकं ठरवलं म्हणून बेटांना पूर्ण वाऱ्यावर सोडलं असंही नाही. तिथे बनलेला माल अमेरिकेत बिनड्युटी येऊ शकतो, फक्त अटी आहेत. माणसं एवढंच ऐकतात की सामोआचा माल ड्युटी फ्री, पण सामोआचा म्हणजे नक्की कुठला माल, यावर वकिलांची घरं चालतात.

पहिली अट, माल त्या बेटावर पिकलेला किंवा खरोखर बनलेला पाहिजे. चीनमधून खोकी आणून लेबल बदललं तर ते बनवणं नाही, कच्च्या मालापासून नाव, रूप, उपयोग बदललेली नवीन वस्तू तयार झाली पाहिजे. दुसरी अट, बेटावरून सरळ अमेरिकेत आला पाहिजे, वाटेत तिसऱ्या देशाच्या बाजारात उतरायचा नाही. तिसरी अट खरी गंमत आहे, ती म्हणजे परदेशी कच्चा माल एकूण किमतीच्या ७० टक्क्यांच्या वर नको. कपडे, चपला-बूट, डबाबंद ट्यूना असल्या नाजूक वस्तूंना आणखी कडक, ५० टक्के. नाजूक म्हणजे ज्या धंद्याची अमेरिकेत लॉबी आहे असा धंदा.

हा टक्का कसा मोजतात ते एका शर्टावर बघू. समजा बेटावरचा कारखाना अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला कॉटनचा टी-शर्ट ५ डॉलरला विकतो. परदेशातून आणलेलं कापड आणि बटणं-दोरा, बेटावर पोचेपर्यंतच्या भाड्यासकट, २ डॉलर ४० सेंट. म्हणजे ४८ टक्के. पास, ड्युटी शून्य. तेच कापड महागलं आणि २ डॉलर ६० सेंट झालं की ५२ टक्के, नापास, आणि मग जनरल दराने १६.५ टक्के म्हणजे एका शर्टामागे साधारण ८२ सेंट ड्युटी. वीस सेंटच्या फरकाने ८२ सेंटचा फटका! त्यामुळे अशा कारखान्यात अकाउंटंटला मास्तरपेक्षा जास्त मान असणार, याबद्दल मला शंका नाही.

यात एक बारीक जागा आहे, ती मला आधी माहीत नव्हती. मोजायचा असतो तो फक्त परदेशी कच्चा माल. उरलेल्या किमतीत मजुरी येते, वीज येते, भाडं येतं, आणि मालकाचा नफासुद्धा येतो. म्हणजे मालकाने नफा जास्त लावला तर परदेशी मालाचा टक्का आपोआप खाली येतो. शिवाय अमेरिकेतून आणलेलं कापड परदेशी धरतच नाहीत. आणि परदेशी मालाचं बेटावरच आधी एक वेगळी वस्तू म्हणून रूपांतर केलं आणि मग त्या वस्तूपासून शेवटचा माल बनवला, तर तो मधला माल बेटाचाच धरतात. दुधाचं दही लावून मग त्याचं श्रीखंड केलं तर दही घरचं, असं काहीतरी. या सगळ्याचा दाखला म्हणून एक फॉर्म भरायचा असतो, नंबर ३२२९, त्यात कुठलं सामान कुठून आणलं आणि केवढ्याला हे लिहून सही करायची.

आता सगळ्यात मोठं उदाहरण, सायपान. नॉर्दर्न मारियानाचं मुख्य बेट, फिलिपिन्सच्या पूर्वेला, नकाशावर शोधायला चष्मा लागतो. १९८० च्या दशकात तिथे कपड्यांचे कारखाने यायला लागले. कारण बघा, त्या काळात चीन, हाँगकाँग, भारत सगळ्यांना अमेरिकेत किती कपडा पाठवायचा याचा कोटा होता, वर ड्युटी. सिंथेटिक टी-शर्टवर तर ३२ टक्के. सायपानला कोटा नाही आणि ५० टक्क्यांचं गणित जमवलं तर ड्युटीही नाही. त्यात किमान मजुरी बेटाची स्वतःची, तासाला ३ डॉलर ५ सेंट, जेव्हा अमेरिकेत ५ डॉलर १५ सेंट होती. त्यात आणखी, बाहेरचे कामगार आणायचे नियम पण तेव्हा बेटाच्याच हातात. मग काय, चीन, फिलिपिन्स, बांगलादेश इकडून हजारो बायका मशीनवर आणून बसवल्या, कापड आशियाचं, मालक बहुतेक आशियातले, शिवणाऱ्या आशियातल्या, आणि कॉलरवर लेबल मेड इन यूएसए. कायद्याने ते लेबल चुकीचं नव्हतं हे विशेष. तीसेक कारखाने झाले, १९९९ च्या सुमाराला वर्षाची निर्यात १०० कोटी डॉलरच्या आसपास गेली. त्याच वर्षी कामगारांच्या बाजूने मोठे खटले दाखल झाले, कारण नोकरी मिळवण्यासाठी एजंटला द्यायला काढलेलं कर्ज फेडताना त्या बायकांची बरीचशी कमाई जायची आणि बराकीतली परिस्थिती भयंकर होती.

पण कारखाने खटल्यांनी बंद पडले नाहीत. १ जानेवारी २००५ ला जगभरातला कपड्यांचा कोटा उठला. म्हणजे चीनमधून हवा तेवढा माल सरळ पाठवता यायला लागला, ड्युटी भरूनसुद्धा परवडायला लागला. मग कोण कशाला मध्ये सायपानला थांबेल? २००७ मध्ये अमेरिकेने कायदा करून तिथली किमान मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवायला सुरुवात केली, ती शेवटची काडी. २००९ च्या सुरुवातीला शेवटचा कारखाना बंद झाला. सूट मात्र कागदावर जशीच्या तशी होती, आजही आहे. म्हणून मी म्हणतो की या सवलतीला स्वतःची अशी किंमत नसते, बाकीच्यांसमोर जेवढी उंच भिंत तेवढी हिची किंमत, भिंत उतरली की ही पण उतरली.

ट्यूनाची गोष्ट याहून जास्त लागते मनाला. अमेरिकन सामोआची राजधानी पागो पागो, लिहितात तसं पण म्हणतात पांगो पांगो. तिथे १९५० च्या दशकापासून ट्यूना डबाबंद करायचे कारखाने. तेलातल्या डबाबंद ट्यूनावर अमेरिकेत ३५ टक्के ड्युटी आहे, पाण्यातल्यावर कोट्याच्या आत ६ आणि बाहेर १२.५ टक्के. सामोआतून शून्य. वर तिथे परदेशी बोटींनाही मासळी सरळ धक्क्यावर उतरवायची परवानगी, जी अमेरिकेत एरवी नाही. त्यामुळे एवढ्याशा बेटाची अख्खी अर्थव्यवस्था म्हणजे सरकारी नोकरी आणि ट्यूना.

पण अमेरिकेच्या ड्युटीच्या दरपत्रकात एक ओळ अशी आहे की डब्यात न भरलेलं, नुसतं शिजवून साफ केलेलं ट्यूनाचं मांस मोठ्या पॅकमध्ये आणलं तर ड्युटी किलोला फक्त १.१ सेंट. सगळ्यात जास्त मजुरी कशात जाते? साफसफाईत, काटे-कातडी काढण्यात. ते काम थायलंडमध्ये करून घ्यायचं, गोठवलेलं मांस जवळपास बिनड्युटी अमेरिकेत आणायचं, आणि तिथे मशीनवर डब्यात भरायचं, जिथे फारशी माणसं लागत नाहीत. चिकन ऑफ द सी या कंपनीने हेच केलं, जॉर्जिया राज्यात लायन्स या गावी कारखाना काढला आणि सामोआतला बंद केला. तारीख ठरली होती ३० सप्टेंबर २००९. त्याच्या आदल्या दिवशी, २९ सप्टेंबरला, सामोआवर त्सुनामी आली. एका दिवशी घरं गेली आणि दुसऱ्या दिवशी दोन हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या. स्टारकिस्ट या दुसऱ्या ट्यूना कंपनीचा कारखाना मात्र अजून तिथे आहे आणि खाजगी धंद्यांत बेटावर सगळ्यात जास्त लोकांना नोकरी देणारा तोच.

हे फक्त अमेरिकेचं आहे असं नाही. युरोपातल्या देशांकडे पण अशी बेटं आहेत आणि तिथल्या मालाला युरोपियन युनियनमध्ये ड्युटी नसते. त्याची एक गोष्ट सांगतोच, कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना फार आवडेल. अरुबा नावाचं डच बेट आहे, कॅरिबियनमध्ये, तिथे ऊस नाही की साखर नाही. १९९७ मध्ये एमेसा शुगर नावाच्या कंपनीने तिथे कारखाना टाकला. करायचे काय, तर त्रिनिदादहून तयार साखर आणायची, ती साफ करायची, दळायची, पॅक करायची, आणि युरोपला पाठवायची. तेव्हाच्या नियमात असं बसत होतं की मित्रदेशाचा माल बेटावर थोडासा प्रक्रिया केला तरी तो बेटाचा. म्हणजे ऊस न बघता साखर कारखाना! युरोपात साखरेचे भाव संरक्षण देऊन चढे ठेवलेले, त्यामुळे फायदा दणदणीत. ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, त्याच वर्षी नोव्हेंबरात नियम बदलला आणि अशा साखरेला वर्षाला फक्त ३००० टन अशी मर्यादा घातली. कंपनी कोर्टात गेली, आणि २००० साली युरोपच्या कोर्टाने मर्यादा योग्यच ठरवली. ३००० टन म्हणजे किती, तर आपल्याकडचा एखादा मोठा कारखाना ऐन गाळपात दोन-चार दिवसांत एवढी साखर काढतो.

फ्रान्सची तऱ्हा आणखी वेगळी. रियुनियन, मार्टिनिक ही बेटं युरोपच्या कस्टम्स हद्दीच्या पूर्ण आत आहेत, पण बेटावर माल उतरला, अगदी फ्रान्समधून आला तरी, एक स्थानिक कर लागतो, त्याचं नाव ऑक्ट्रॉय द मेर. समुद्री जकात! ऑक्ट्रॉय हा शब्दच मुळात फ्रेंच, इंग्रजांमार्फत आपल्या मुलुंड नाक्यापर्यंत पोचलेला.

आणि घरमालकच सोसायटीतून बाहेर पडला तर? फॉकलंड बेटं ब्रिटनची. तिथल्या समुद्रातलं स्क्विड, आपलं माकुल हो, वर्षानुवर्षं स्पेनच्या व्हिगो बंदरात बिनड्युटी उतरायचं आणि तिथून स्पेन-इटलीतल्या हॉटेलांत तळून प्लेटमध्ये जायचं. ब्रेक्झिट झालं, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, आणि १ जानेवारी २०२१ पासून फॉकलंडच्या मासळीवर ६ ते १८ टक्के ड्युटी लागायला लागली. ब्रिटनच्या स्वतःच्या मालाला करारात शून्य ड्युटी मिळाली, बेटांना त्या करारात धरलंच नाही. फॉकलंडच्या लोकांना तर ब्रेक्झिटच्या सार्वमतात मतही नव्हतं. समुद्र तोच, माकुल तेच, बोटीपण बऱ्याचशा स्पॅनिश भागीदारीतल्याच.

परत माझ्या रांगेकडे येतो, कारण प्रवाशांची सूट आणि कारखान्यांची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात. मगाशी सांगितलेला ७० टक्क्यांचा हिशोब तुमच्या बॅगेतल्या चेनला लागू नाही. चेन इटलीत बनलेली असली तरी चालते, ती तुम्ही बेटावर विकत घेतली एवढंच बघतात. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला तिथून येताना १६०० डॉलरची सूट, त्यातला जास्तीत जास्त ८०० चा माल दुसरीकडे घेतलेला चालतो, म्हणजे क्रूझवर गेलात आणि मध्ये बहामातही खरेदी केली तर बिलं वेगळी ठेवा. १६०० च्या वर गेलात तरी पुढच्या १००० डॉलरवर दीड टक्काच लागतो, इतर देशांहून येताना तो तीन टक्के असतो. एका घरातले एकत्र प्रवास करत असतील तर सूट एकत्र धरता येते, हे मला घरी आल्यावर कळलं आणि बायकोला सांगायची चूक मी केली.

दारूचं पण तसंच, पाच लिटरपर्यंत चालते, पण त्यातली चार लिटरच बाहेर बनलेली चालते, पाचवी बाटली भरायची तर बेटावरचीच पाहिजे. म्हणून तिथल्या दुकानात स्कॉचच्या चार बाटल्यांशेजारी सेंट क्रॉय या तिथल्याच बेटाची एक रम ठेवून पाचचं खोकं तयारच बांधून ठेवलेलं असतं. आम्ही नुसती रमची एक घेतली, चेक-इन बॅगेत माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून, आणि तो स्वेटर अजून किंचित गोडसर वास मारतो.